एका अंगानं छापलेलं पान

माझी बोटं स्वस्थ बसत नाहीत. जेवताना डाव्या हाताचा अंगठा आपोआप काहीतरी दाबून धरतो आणि उजवा हात घास सोडून हवेतले खिळे उचलू लागतो. सून म्हणते, "बाबा, जेवा ना. काय चाळे करून राह्यले?" मी चाळे करत नाही. कोणी समोर बोललं की त्याचे शब्द जुळवल्याशिवाय मला चैन पडत नाही, एवढंच. छापखाना सुटून जमाना झाला, पण बोटांना ते कोणी कळवलेलं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'छापखान्यातल्या गमतीजमती' लिहून मागितल्या. आहेत, पुष्कळ आहेत, दोन-चार सांगतोही. पण मी हो म्हटलं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती गमतीची नाही. हे संपादकांना हा मजकूर हातात पडल्यावरच कळेल.

दिग्रसच्या बाजारओळीत आमचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, मालक आणि आम्ही दोघे कंपोझिटर. कंपोझिटर म्हणजे खिळे जुळवणारा. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर एकेक अक्षर, तेही उलटं. लाकडी पेटीच्या खणांतून न बघता खिळा उचलायचा आणि हातातल्या पट्टीत ओळ लावायची. ओळींचं पान होतं, चार पानं एका अंगाला, मग कागद पालथा घालून मागच्या अंगाला चार. असा आठ पानांचा एक फर्मा. तो छापून झाला की खिळे सोडवून परत खणांत टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागणार. अख्खं पुस्तक एका वेळी उभं राहील एवढे खिळे आमच्या मालकांच्या सात पिढ्यांनी पाहिले नव्हते.

मालक हिशेबी माणूस. मशीन नीट लागेपर्यंत जे कागद बिघडायचे, तेही दोन्ही अंगांनी वापरून मग रद्दीत. कोरी बाजू म्हणून बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. ती रद्दी आम्ही घरी न्यायचो. तिच्यात भाकरी बांधून यायची, तिनं फळ्या झाकायच्या. छापखान्यात माझं पाण्याचं मडकं वेगळं होतं, खिळे मात्र सगळ्यांचे एकच. आम्ही छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मालक म्हणाले, "आता तुझ्या मडक्याचं काय करायचं?" मी म्हटलं, "मालक, मडकं तुमचं आहे, तुम्हीच ठरवा." त्यांनी महिनाभर विचार केला आणि मडकं तिथंच राहिलं.

त्या दिवसांतली एक पत्रिका आठवते. लग्नसराईत 'श्री गजानन प्रसन्न' ही ओळ आम्ही सुतळीनं बांधून तयारच ठेवायचो, पत्रिका कोणाचीही असो, ती आधी वर बसायची. आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ पोराची पत्रिका घेऊन आले आणि म्हणाले, "हे वरचं काहाडा." मालक गोंधळले. "मग वर टाकू काय?" गृहस्थांनाही ते अजून ठरवता आलं नव्हतं. "सद्या कोरंच सोडा," म्हणाले, "पुढच्या पोराच्या वक्ताले पक्कं सांगतो." वर दोन बोटं कोरी जागा ठेवून ती पत्रिका मी जुळवली. तेवढी टापटिपीची पत्रिका मी पुन्हा क्वचितच काढली असेल.

आमच्या धंद्यात डोकं चालवायला बंदी असते. समोरच्या कागदावर जे लिहिलंय तेच जुळवायचं. लेखकानं नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव लिहिलं असेल, तर आधी विचारायचं, मग बदलायचं. हा नेम मी उभ्या आयुष्यात एकदाच मोडला.

एकोणसाठ-साठचा सुमार असेल. हायस्कुलातले एक मास्तर एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा मराठी सारांश घेऊन आले. कादंबरी मॅट्रिकच्या वर्गाला लागली होती आणि पोरं इंग्रजीपुढं हात टेकत होती, म्हणून हे गाइड. मास्तर मजकूर तुकड्यातुकड्यानं लिहायचे, एक फर्मा छापून झाला की दुसरा आणून द्यायचे. त्यामुळं गोष्ट आम्हालाही हप्त्याहप्त्यानं कळायची. मी खिळ्याखिळ्यानं वाचायचो, उलटं. असं वाचलेलं डोक्यातून जात नाही.

गोष्ट अशी. इंग्लंडातल्या एका खेड्यात एक गरीब पाद्री, त्याच्या तीन मुली. आईला दिवसरात्र एकच घोर, यांना उजवायचं कसं. मधली मुलगी वाचणारी, बापाशी चहा पिता पिता वाद घालणारी. तिचं नाव जुळवायला फार कटकटीचं होतं, म्हणून आम्ही तिला 'मधली'च म्हणायचो. तिला एका बड्या, प्रौढ गृहस्थाकडून मागणी येते. माणूस वाईट नाही, घर मोठं, आई तर हर्षानं वेडी. पण पाद्री म्हणतो, तिचं तिला विचारा. दर फर्म्याच्या शेवटी मास्तरांचे प्रश्न असायचे: 'पाद्र्याने मुलीला विचारले हे योग्य की अयोग्य? सकारण लिहा.'

एक दिवस बंजाऱ्यांच्या एका तांड्याचे नाईक पत्रिका छापायला आले. काम व्हायला वेळ होता, म्हणून मी त्यांना गोष्ट ऐकवली. ते आईवरच अडले. "पोरीवाली कायले रडते? आमच्यात तं पोरावाल्याले पोरीच्या दारी चकरा मारा लागते. देऊन-घेऊन पोरगी आना लागते." मी म्हटलं, "नाईक, मग तुमच्यात पोरीले इचारत असतीन." नाईक हसले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "थे कायले? थे तं आमीबी नाही इचारत."

आता माझ्या घराचं सांगतो, कारण गोष्ट तिकडेच चालली होती.

वडील जिनिंगमध्ये कामाला. कापसाच्या तुसानं त्यांना खोकला जडला होता. एकदा सुरू झाला की भिंतीला हात लावून उभे राहायचे. आई नव्हती. माझ्यापाठच्या तीन बहिणी, त्यातली मोठी कौसल्या, आमची कौसू. नुकतंच अठरावं सरलेलं, दहावीत शिकत होती. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. ती व्हायचं, मग ट्रेनिंग करून मास्तरीण व्हायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. मी आणलेली रद्दी ती हातचं काम टाकून उघडायची, गाइडची पानं कापून ओळीनं लावायची. पुढच्या वर्षी तिला हीच कादंबरी लागणार होती. पण ती अभ्यासासाठी वाचत नव्हती. तिला मधलीचा लळा लागला होता. "भाऊ, पुढचा फर्मा कधी येते?" घरात शिरलो की पहिला प्रश्न हाच.

तेवढ्यात मुकुटबनकडून स्थळ आलं. मुलगा लाकूड-डेपोत कारकून, सरकारी नोकरी. वय बत्तीस, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. शांत माणूस. काही मागणं नाही, फक्त लग्न याच उन्हाळ्यात व्हावं एवढी अट. म्हणजे शाळा सुटणार. मला ते स्थळ मनापासून पसंत होतं. वडिलांच्या खोकल्यानं माझी झोप उडालेली. हे उद्या गेले तर तिघी माझ्या एकट्याच्या अंगावर, या विचारानं मी छापखान्यात उभ्या उभ्या घामाघूम व्हायचो. एक तरी पार पडावी, असं मला वाटत होतं. मी भ्यालो होतो, दुसरा शब्द नाही.

पण वडील अडून बसले. "आपल्यात आता पोरगी सोताच्या तोंडानं वचन देते," ते म्हणाले. "तिनं हो म्हटल्याबिगर मी पावन्यायले जबान देत नाही. इचारा तिले." नव्या धम्मातलं बाकी काय त्यांना किती समजलं होतं माहीत नाही, पण हे त्यांनी घट्ट धरलं होतं. मग मला आतून राग आला. आमच्या घरातही एक पाद्री निघाला, असं वाटलं.

मी कौसूला विचारलं. ती चुलीपुढं होती. लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "पुढचा फर्मा येऊ दे. थे मधली काय सांगते पायतो, मंग मी सांगतो."

मी हसण्यावारी नेलं. "अवं, थे गाइड हाय. त्याच्यावर काय लगन ठरवते?"

"हसू नको, भाऊ," ती म्हणाली. "कोन्या पोरीनं नाही म्हटलेलं मी आजलोक पाह्यलं नाही. म्हटल्यावर घरात काय होते, थे मले पायचं हाय."

पाहुण्यांना बाजाराच्या दिवशी निरोप द्यायचा होता. त्याच्या तीन दिवस आधी मास्तरांनी पुढचा मजकूर आणला. मी पहिल्या पानापासून जुळवत गेलो आणि तिसऱ्या पानावर मधली बागेत त्या गृहस्थापुढं उभी राहून म्हणाली, नाही. सरळ तोंडावर. आई अंथरूण धरते, शेजारणी तोंडं फिरवतात, आणि पाद्री मुलीचा हात हातात घेऊन म्हणतो, तू खरं बोललीस, बाकी मी पाहतो. ते 'बाकी मी पाहतो' जुळवताना माझा हात थांबला. दुसरा कंपोझिटर म्हणाला, "काय झालं, खिळा नाही?" मी म्हटलं, "हाय."

दुपारी मालक जेवायला घरी गेले, जोडीदार लिंबाखाली आडवा झाला. मी पट्टी हातात घेतली आणि समोर कागद न ठेवता जुळवायला लागलो. डोक्यातून. धंद्यात असं कधी करत नाहीत, हात चाचपडतो. मास्तरांच्याच वळणाची भाषा, तोच टाइप, पानाचा आकडाही तोच. माझ्या पानावर मधली डोळे पुसते आणि वडिलांना म्हणते, 'बाबा, माझे हित आपण जाणता. आपण द्याल तिथे मी सुखाने जाईन.' आई तिला पोटाशी धरते, पाद्री आशीर्वाद देतो, एवढंच. रूळ फिरवून एक ठसा काढला, एकच. मालक यायच्या आत खिळे सोडवून खणांत टाकले. हात काळे होते, घासून घासून धुतले.

घरी गेलो आणि पान तिच्या हातात दिलं. "फर्मा पुरा नाही झाला, पन तुह्यं पान आनलं." तिनं उभ्यानंच वाचलं. पुन्हा वाचलं. मग पान घडी करून पाटीखाली ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. मी वाट पाहत होतो की काही विचारेल, चिडेल. तिनं विचारलं ते एवढंच, "चटणी देऊ का रे?"

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाचं फडकं सोडलं तर भाकरीखाली माझंच पान अंथरलेलं. मधली, तिचे आसू, आशीर्वाद, सगळं वर. शेजारी जोडीदार बसला होता, खरं पान काल त्यानंही वाचलं होतं. त्याची नजर पडली असती तर माझी धडगत नव्हती. मी भाकरी हातात घेतली, पान चुरगळून फडक्यात कोंबलं, फडक्याला गाठ मारली आणि भराभर जेवलो. घरी गेल्यावर कौसूनं फडकं माझ्या हातातून घेतलं, सोडलं, पान काढून हातानं सरळ केलं. माझ्याकडे पाहिलं.

"जेवला?"

"जेवलो."

ती पान घेऊन आत गेली. दिवेलागणीला वडिलांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, सांगा पावन्यायले. मले पसंत हाय." वडिलांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिनं हो म्हटलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आपण रीत पाळली याचा त्यांना आनंद झाला होता.

पत्रिका मीच जुळवली. लग्न झालं, कौसू मुकुटबनला गेली. मास्तरांचं गाइड पुरं झालं, पोरांनी रटलं, पास झाली. मला मात्र तेव्हापासून चैन पडली नाही. ती खरं पान कधी वाचेल, या धास्तीनं मी दर उन्हाळ्यात ती माहेरी यायच्या आधी घरातली सगळी रद्दी चुलीत घालायचो. वडील पुढं आणखी आठ वर्षं जगले. ज्या भीतीनं मी ते केलं, ती तशी फुकटच होती.

जावई भला निघाला, हे सांगितलंच पाहिजे. दोन पोरी, एक पोरगा. वडील गेल्यानंतर मी मुकुटबनला गेलो होतो. डेपोमागच्या क्वार्टरच्या ओट्यावर कौसू बसलेली, समोर तिच्या दोन पोरी आणि कोलाम आदिवासींची पाच-सहा लेकरं. बाराखडी चालली होती. मास्तरीण झाली नव्हती, पण आवाज मास्तरणीचाच होता. लेकरं गेल्यावर ती आत गेली, पत्र्याची पेटी उघडली आणि घडी घातलेला एक कागद आणून माझ्यापुढं ठेवला. भाकरीच्या तेलकट डागानं पिवळा पडलेला.

"वळखतं?"

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"भेऊ नको," ती म्हणाली. "मले त्याच दिवशी समजलं होतं. तुह्ये कागद दोन्ही अंगानं छापेल रायते. हे मांगून कोरं होतं. अन् थे पोरगी कायची मधली? दोन फर्मे बापासंग भांडून राह्यली, अन् एकाएकी कशी गाय झाली?"

"मंग हो काहून म्हटलं, कौसू?"

"पह्यले वाटलं, एवढं बसून खोटं छापलं त्यानं, म्हंजे भाऊ किती भ्याला असंन." ती पदरानं पेटीवरची धूळ पुसत राहिली. "तरी मी तुले जवाब पाठवला होता. तू वाचून तसाच वापस पाठवला. मंग म्हटलं, चाला. भावाची हेच मर्जी हाय."

मी कागद उचलला आणि पालथा केला. मागच्या कोऱ्या अंगावर पेन्सिलीनं, शाळेत शिकवतात तशा अक्षरात लिहिलं होतं: 'भाऊ, पान तुझे आहे हे मी ओळखले. बाबांना सांगणार नाही. पण माझे उत्तर नाही असे आहे. मला शिकायचे आहे. मला बोलायची हिंमत होत नाही, बाबांना तू सांग.'

जन्मभर उलटी अक्षरं वाचणारा माणूस मी. त्या दिवशी भाकरीखालचं पान मी पालथं केलं नव्हतं, आपलीच लबाडी दिसू नये म्हणून कोंबून टाकलं होतं. हे मी तिला तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ती माझ्याकडे इतकी शांतपणे पाहत होती. वाचूनही न ऐकणारा भाऊ तिनं इतक्या वर्षांत कसाबसा पचवला होता. आता न वाचणारा भाऊ तिच्यापुढं ठेवायचा, म्हणजे तिचा सगळा संसार एका चुरगळलेल्या कागदावर उभा आहे असं सांगण्यासारखं होतं. मी मान खाली घातली, तिनं त्याचा अर्थ तिच्या पद्धतीनं घेतला आणि चहा ठेवायला उठली. कागद पुन्हा पेटीत गेला.

त्यानंतर कितीतरी दिवाळ्या गेल्या. कौसू अजून खणखणीत आहे, चष्मा लावून अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, जाहिरातीसुद्धा सोडत नाही. मी तिच्यापुढं कितीदा बसलो, बोटं मांडीवर तेच वाक्य जुळवत राहिली, आणि तोंडून मात्र पाऊसपाणी, पोरंबाळं हेच निघालं. आता खिळे राहिले नाहीत. हा मजकूर कोणीतरी मशीनवर सुलटाच टाइप करील. तो छापून येईल तेव्हा ती हे पान वाचेल, आणि मला ठाऊक आहे, उलटून मागचंही बघेल.

कौसू, मी ते वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर बाबांना सांगितलं असतं का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.